पाकोळीचा श्वास

धावड्यात लहानपणी, थंडीच्या दिवसांत, आम्ही पोरे पडक्या वाड्यात ओला पाला पेटवून पाकोळ्या उडवायचो. काही उडायच्याच नाहीत. काठीने डिवचल्या की तुळईवरून टपकन खाली पडायच्या. अंग गार, श्वास दिसत नसे. मेल्या समजून त्या आम्ही उकिरड्यावर टाकायचो. मेल्या होत्या का, हा प्रश्न मला पन्नाशीत मार्शल हॉल वाचताना पडला.

हॉल हा लंडनचा डॉक्टर. थंडीत निजणाऱ्या प्राण्यांवरचा त्याचा निबंध १८३२ चा. वटवाघूळ बंद भांड्यात ठेवायचे, उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषून घ्यायचा आणि आतली हवा किती घटली ते पाहायचे. जेवढी घटली तेवढा ऑक्सिजन वापरला गेला. जागे वटवाघूळ थोड्या वेळात जेवढा वापरते, तेवढा गारठून निजलेल्याला कितीतरी तास पुरतो, असे त्याला दिसले. नुसता स्पर्श झाला, जमीन हादरली, तरी त्याचा श्वास सुरू होई. म्हणजे मोजायला जाणाराच मोजमाप बिघडवतो! हॉलचे हे निरीक्षण मला त्याच्या आकड्यांपेक्षा मोलाचे वाटते.

ही झोप बर्फाच्या देशांतलीच, अशी समजूत बरीच वर्षे होती. इस्राएलमधल्या संशोधकांनी २०१५ साली गालील सरोवराजवळच्या गुहांतली, उंदरासारख्या शेपटीची वटवाघळे तपासली. गुहेत सुमारे २० अंश सेल्सिअसची ऊब, तरी ती दर १५ ते ३० मिनिटांनी एकदाच श्वास घेत होती. ही जात भारतातही आहे. अशा प्राण्याला जागे केले, तर अंग तापवण्यात साठवलेली चरबी जळते, आणि हिवाळ्यात ती भरून काढायला किडे कुठून आणायचे?

आमच्या शेजारच्या अजिंठ्याच्या इतिहासात वटवाघूळ येते ते चित्रे खराब करणारे म्हणून. ते खोटे नाही. विष्ठेने रंगांचे नुकसान झालेच. जॉन स्मिथने दहाव्या लेण्यातल्या खांबावर नाव कोरले, तारीख २८ एप्रिल १८१९. भर उन्हाळा, त्या वटवाघळांना निदान ऊब आयती होती.

आमच्या पाकोळ्यांना ती नव्हती. उकिरड्यावर टाकल्यावर मात्र ऊन वर यायचे. दुसऱ्या दिवशी पाहिले तर तिथे एकही नसे. मांजराने नेल्या, असे आजी म्हणायची.