स्तनकर्करोगावरील किरणोपचार : रुग्णाची हालचाल व मात्रेची अचूकता – एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
किरणोपचाराचा इतिहास बहुधा यंत्रांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. परंतु यंत्र कितीही अचूक झाले, तरी त्याखाली निजलेली स्त्री श्वास घेत असते आणि तिची छाती काही मिलिमीटर वर-खाली होत असते. या हालचालीकडे वैद्यकाची दृष्टी कशी वळली, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
१८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला. मुंबईत परळ येथे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. १९५१ मध्ये कॅनडात कोबाल्ट-६० यंत्राने उपचार सुरू झाले आणि शरीरात खोलवर पुरेशी मात्रा पोहोचवणे सुलभ झाले. १९६२ मध्ये टाटा रुग्णालयाचा कारभार अणुऊर्जा विभागाकडे आला. भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेले ‘भाभाट्रॉन’ हे कोबाल्ट यंत्र २००५ मध्ये टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील संस्थेत बसविण्यात आले.

दरम्यान, केवळ गाठ काढून किरणोपचार दिल्यास स्तन न काढताही रुग्ण तितकीच जगते, हे १९८०च्या दशकात इटली व अमेरिकेतील चाचण्यांनी दाखवून दिले. साहजिकच किरणांवरील जबाबदारी वाढली.

त्रुटींचे दोन प्रकार :
१९९३ व १९९९ च्या आंतरराष्ट्रीय अहवालांनी लक्ष्यक्षेत्राभोवती सुरक्षित पट्टा राखण्याची संकल्पना दृढ केली. २००० मध्ये नेदरलँड्सचे मार्सेल व्हॅन हर्क व त्यांच्या सहकाऱ्यांनी या पट्ट्याचे सूत्र मांडले. त्यात रोज बदलणाऱ्या यादृच्छिक त्रुटीला ०.७, तर प्रत्येक दिवशी तशीच राहणाऱ्या त्रुटीला २.५ एवढे वजन दिले आहे. श्वासाची किंवा निजण्यातील रोजची किरकोळ चूक अनेक दिवसांत बरीचशी विरून जाते. मात्र नियोजनाच्या स्कॅनवेळी रुग्ण भीतीने आखडली, शस्त्रक्रियेनंतरचा दुखरा हात तिला नीट वर घेता आला नाही, तर ती चूक संपूर्ण उपचारात कायम राहते.

डाव्या स्तनाच्या बाबतीत हृदयाचा प्रश्न उद्भवतो. हृदयाला मिळणाऱ्या सरासरी मात्रेत एक ग्रे वाढ झाल्यास हृदयविकाराच्या गंभीर घटनांचे प्रमाण सुमारे ७.४ टक्क्यांनी वाढते, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. दीर्घ श्वास रोखल्यास हृदय किरणांच्या मार्गापासून दूर सरते. श्वास मध्येच सुटल्यास ते पुन्हा जवळ येते.

बदलती परिस्थिती :
पूर्वी ५० ग्रे मात्रा २५ दिवसांत देत. पुढे ४० ग्रे १५ दिवसांत देण्याची पद्धत रुजली. २०२० मध्ये ब्रिटनमधील चाचणीने २६ ग्रे मात्रा पाच दिवसांत देणे शक्य असल्याचे दाखवले. भिवंडी तालुक्यातील अंबाडीसारख्या गावातून परळला येणाऱ्या स्त्रीसाठी कमी झालेल्या खेपा म्हणजे वाचलेली मजुरी व प्रवासखर्च होय. परंतु पाचच खेपा असल्यास एका दिवसाची चूक एकूण मात्रेच्या पाचव्या हिश्शाची ठरते. ती विरून जाण्यास दिवसच उरत नाहीत.

निष्कर्ष :
यंत्राची अचूकता वाढत गेली, तसतसे रुग्णाच्या सहभागाचे महत्त्वही वाढत गेले. श्वास केव्हा रोखायचा, हात कसा ठेवायचा, हे तिच्या बोलीत समजावून सांगणे हा सौजन्याचा भाग नसून मात्रेच्या अचूकतेचाच भाग आहे. किरणोपचाराच्या इतिहासलेखनात यंत्राइतकेच स्थान या संवादालाही मिळणे आवश्यक आहे.