परदेशात व्हिसा संपत आला तर? २०२० चा धडा
मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे भारताने आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानं बंद केली आणि आपल्या कोकणातली बरीच माणसं दुबई-शारजात अडकली. १ मार्चनंतर संपलेले व्हिसा डिसेंबरअखेर चालतील, असं अमिरातीने जाहीर केलं. पण जुलैत तो निर्णय रद्द करून कमी मुदत दिली. ती उलटली की रोजचा दंड. ७ मेपासून 'वंदे भारत'ची विमानं सुरू झाली. त्यासाठी भारतीय वकिलातीकडे नाव नोंदवायचं, तिकीट मात्र स्वतःच्या पैशाने.
म्हणून आम्ही सांगतो: सवलत मिळाली म्हणून निर्धास्त राहू नका. सरकारी घोषणा स्वतः वाचा, पासपोर्टचीही मुदत पाहा, अर्जाच्या पावत्या जपा. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या तारखेवर विसंबू नका.