शीघ्र भारण केंद्र
शीघ्र भारण केंद्र : (चार्जिंग स्टेशन). विद्युत् वाहनातील घटमालेस (बॅटरीस) उच्च शक्तीचा एकदिश (एकाच दिशेने वाहणारा) प्रवाह पुरवून ती अल्पावधीत भारित करणारे केंद्र. वितरण जाळ्यातील वीज प्रत्यावर्ती (ठराविक कालाने दिशा बदलणारी) असते. घटमालेस मात्र एकदिश प्रवाहच लागतो. म्हणून हे रूपांतर वाहनात करावे की वाहनाबाहेर, हा या तंत्राच्या इतिहासातील मूळ प्रश्न होय.

ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या शहरांना जोडणाऱ्या लोहमार्गावर हाच प्रश्न वेगळ्या स्वरूपात पूर्वीच उद्‌भवला होता. भारतातील विद्युत् रेल्वे ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबई–कुर्ला मार्गावर १,५०० व्होल्ट एकदिश दाबाने सुरू झाली. पुढे कल्याण–पुणे मार्गाचेही याच पद्धतीने विद्युतीकरण झाले व त्यासाठी ठाकुर्लीनजीक चोळे येथे औष्णिक वीज केंद्र उभारण्यात आले. या पद्धतीत प्रवाहाचे रूपांतर मार्गालगतच्या उपकेंद्रांत होई. नंतर स्वीकारलेल्या २५,००० व्होल्ट प्रत्यावर्ती पद्धतीत रोहित्र व एकदिशकारक (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारे साधन) गाडीवरच असतात. उच्च दाबामुळे प्रवाह कमी लागतो आणि उपकेंद्रे दूरदूर ठेवता येतात. संक्रमणकाळात दोन्ही पद्धतींवर चालणारी एंजिने व उपनगरी गाड्या वापराव्या लागल्या. मध्य रेल्वेच्या मुंबईतील मुख्य मार्गावरील रूपांतर जून २०१५ मध्ये पूर्ण झाले.

रस्त्यावरील वाहनांचा प्रवास याच्या उलट दिशेने झाला. मंद भारणात रूपांतरक वाहनातच असतो. पण वजन, जागा व किंमत यांमुळे त्याची शक्ती मर्यादित राहते. ३० किलोवॉट-तास धारकतेची घटमाला ३·३ किलोवॉट शक्तीने भरण्यास नऊ तासांहून अधिक काळ लागतो. ५० किलोवॉट शक्ती अखेरपर्यंत टिकल्यास हे काम ३६ मिनिटांत होईल. एवढा मोठा रूपांतरक केंद्रातच ठेवणे सोयीचे असल्याने शीघ्र भारणात एकदिश प्रवाह थेट घटमालेकडे जातो.

मात्र प्रवाह किती द्यावयाचा, हे केंद्र एकटे ठरवीत नाही. जोडणी होताच वाहन व केंद्र यांत संदेशांची देवाणघेवाण होते, निरोधन तपासले जाते, दोन्हीकडील दाब जुळविले जातात आणि नंतरच मुख्य परिपथ जोडला जातो. घटमालेचे तापमान व भारणस्थिती पाहून वाहन प्रवाहाची मागणी करते. त्यामुळे ६० किलोवॉटच्या केंद्रावरही ३० किलोवॉट मर्यादेचे वाहन तेवढीच शक्ती घेते. घटमाला सुमारे ८० टक्के भरल्यावर तिच्या रक्षणासाठी प्रवाह उतरत जातो.

हा संवाद कोणत्या भाषेत व्हावा, याविषयी जगात एकमत झाले नाही. जपानची चाडेमो, यूरोप-अमेरिकेतील सीसीएस आणि चीनची जीबी/टी या पद्धतींत जोडण्या व संदेशप्रणाली भिन्न आहेत. भारतात २०१७ मध्ये कमी दाबाच्या वाहनांसाठी ‘भारत डीसी-००१’ हे १५ किलोवॉटचे मानक सुचविण्यात आले. ४८ ते ७२ व्होल्ट घटमालेच्या वाहनांना ते उपयुक्त होते. परंतु पुढील मोटारगाड्यांत ३०० व्होल्टांहून अधिक दाब आला. २०२० मध्ये विक्रीस आलेल्या टाटा नेक्सॉन ईव्हीने सीसीएसचा दुसरा प्रकार स्वीकारला व भारतीय मोटारींत तोच रूढ झाला. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने डिसेंबर २०१८ मध्ये सार्वजनिक केंद्रांवर अनेक प्रकारच्या जोडण्या आवश्यक केल्या होत्या. ऑक्टोबर २०१९ मध्ये निवड चालकांवर सोपविली. हलक्या वाहनांसाठी २०२३ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने स्वतंत्र संयुक्त जोडणीस मान्यता दिली.

या निर्णयांचे सामाजिक परिणाम उल्हासनगर–बदलापूर पट्ट्यासारख्या भागात महत्त्वाचे ठरतात. तेथे स्थानकापासून घरापर्यंतची वाहतूक मोठ्या प्रमाणावर रिक्षा व दुचाकींवर अवलंबून असते. मोटारींसाठीच्या शीघ्र केंद्राचा किमान दाबही अनेक हलक्या वाहनांच्या दाबापेक्षा जास्त असतो. त्यामुळे केंद्र शेजारी असूनही रिक्षाचालकास साध्या जोडणीवर तासन्‌तास थांबावे लागते वा घटमाला बदलून घ्यावी लागते. शिवाय ६० किलोवॉटचे एक केंद्र म्हणजे ३ किलोवॉट भाराची वीस घरे. तेव्हा स्थानिक रोहित्राची क्षमताही पाहावी लागते. रेल्वेत वाहने व पुरवठा एकाच यंत्रणेच्या हाती असल्याने दोहोंचा मेळ घालता आला. रस्त्यावर वाहनांचे उत्पादक, केंद्रांचे चालक व वीज वितरक निरनिराळे असल्याने तो मेळ मानकांनीच साधावा लागतो.