धुळपाटीपासून अंगणवाडीपर्यंत

गोमंतकातील जुन्या पिढीच्या कानांवरून 'शेणवीमामाची शाळा' हे शब्द गेले नसतील असे सहसा घडत नाही. देवळाच्या अग्रशाळेत, नाहीतर एखाद्या घराच्या ओसरीवर ती भरे. पाटावर बारीक वाळू पसरावयाची, गुरुजींनी मुलाचे बोट धरून तीत अक्षर उमटवावयाचे, मुलाने ते मोठ्याने म्हणत गिरवावयाचे आणि वरून हात फिरविला की पाटी पुन्हा कोरी, असा तो धुळाक्षरांचा परिपाठ होता. परकीय राजवटीत मराठी अक्षर या भूमीत टिकून राहिले, त्यात अशा शाळांचा वाटा मोठा आहे. अर्थात त्यांचे गोडवे गाताना पंतोजींच्या छडीचा विसर पडू देणेही योग्य नव्हे.

मुलाच्या हाती अक्षर कोणत्या वयात द्यावे, हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. चौलकर्म झाल्यावर राजपुत्राने लिपी व संख्या शिकावी, असे कौटिलीय अर्थशास्त्रात सांगितले आहे. चौल सामान्यतः तिसऱ्या वर्षी होत असे, हे लक्षात घेतले तर तो काळही फार सबुरीचा नव्हता असेच म्हणावे लागते. मात्र तो विचार राजपुत्राचा होता. गोरगरिबांच्या मुलांचा विचार व्हावयास विसावे शतक उजाडावे लागले.

६ जानेवारी १९०७ रोजी रोम शहरातील सान लोरेन्झो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत डॉ. मारिया माँटेसरी यांनी आपले पहिले बालगृह उघडले. लहानग्यांना लिहिणे शिकवावे असा त्यांचा प्रथम विचार नव्हता. स्वतः निरक्षर असलेल्या मातांनीच तो आग्रह धरला. तेव्हा बाईंनी खरखरीत कागदाची अक्षरे कापून पुठ्ठ्यांवर चिकटविली. मुलाने ध्वनी उच्चारावा आणि त्याच वेळी अक्षरावरून बोट फिरवावे. पुढे एके दिवशी गच्चीवर धुराड्याचे चित्र काढीत असलेला एक मुलगा कोणी न सांगता खडूने शब्द लिहू लागला. वाचनाच्या आधी लेखन येते, हा त्यांचा सिद्धान्त अशा अनुभवांतून निघाला. आपल्या धुळपाटीशी याचे साम्य कोणासही दिसेल. भेद एवढाच की, तेथे बोट गुरुजींच्या मुठीत नव्हते.

हा विचार हिंदुस्थानात रुजविणाऱ्यांत भावनगरचे गिजुभाई बधेका अग्रणी होत. वकिली सोडून ते दक्षिणामूर्ती संस्थेत आले आणि १९२० मध्ये त्यांनी तेथे बालमंदिर सुरू केले. १९२३ मध्ये ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या. मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर असलेल्या ताराबाई त्यापूर्वी राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्रमुख होत्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला आणि १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार उभारला. मध्यमवर्गीय मराठी घरांत बालशिक्षण हा शब्द रुळला तो या काळात.

येथेच थांबल्या असत्या तरी ताराबाईंचे नाव राहिले असते. परंतु माँटेसरीची साधने महाग होती आणि शाळेत येत होती ती पांढरपेशांची मुले. १९४५ मध्ये त्यांनी ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर) बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. सोबत अनुताई वाघ होत्या. बालवयात वैधव्य आलेल्या आणि स्वतःच्या हिमतीवर शिकलेल्या. हरिजन व आदिवासी मुलांना बालवाडीत बोलावणे धाडले तरी ती येत ना. कशी यावीत? मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन हिंडे, भाऊ गुरांमागे जाई. मग मध्यवर्ती बालवाडीबरोबरच पाड्यावर जाऊन, एखाद्याच्या अंगणात, बालवाडी भरू लागली. मुलांना न्हाऊ घालावे, नखे कापावीत, केस विंचरावेत. अक्षरांचा क्रम त्यानंतर. महागड्या साधनांच्या जागी शंखशिंपले, बिया, खडे, पाने आली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून तिला विकासवाडी म्हटले गेले. तान्हे पाळण्यात ठेवून बहिणीला पाटी घेता येई. गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली.

अक्षरांची घाई तेथे नव्हती. ज्या घरात छापील कागद नाही, तेथील मुलाला आधी गाणे हवे, गोष्ट हवी, वस्तूंची नावे हवीत, रेघा ओढण्यास मोकळी जमीन हवी. शिवाय वारली मुलाची घरची बोली निराळी आणि पुस्तकातील मराठी निराळी. घरी कोंकणी बोलून पाटीवर मराठी लिहिणाऱ्या गोमंतकीयास यातील अवघडपण विस्ताराने सांगावयास नको. क ख ग घ हा क्रम उच्चारशास्त्रदृष्ट्या निर्दोष खरा, पण कोवळ्या हाताला वळणाने जवळची ग म भ न ही अक्षरे सोपी जातात. आजही तीन वर्षांच्या मुलाकडून वहीची पाने भरून घेणारे पालक थोडे नाहीत. त्यांनी अक्षर येण्यापूर्वी कोसबाडला काय काय चाले, हे एकदा पाहावे.

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या निवर्तल्या. दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांनी सुरू झाली आणि तिच्या गावोगावच्या केंद्रांना नाव मिळाले ते अंगणवाडी. कोसबाडच्या टेकडीवर अनुताईंचे काम १९९२ पर्यंत, त्यांच्या अखेरपर्यंत, चालू होते.