तळटीप : मुलांचे दिवस

* कॅनडाच्या नागरिकत्वाचा अर्ज भरताना मुलीचेही ‘दिवस मोजल्याचा’ उल्लेख वर आला आहे. ते मोजण्याची गरज नव्हती. अर्जाआधीच्या 5 वर्षांत 1,095 दिवस प्रत्यक्ष देशात राहण्याची अट प्रौढांना आहे. कायमस्वरूपी निवासाचा परवाना मिळण्यापूर्वी तिथे कायदेशीरपणे काढलेला दिवस अर्धा धरतात, तोही एकूण 365 दिवसांपर्यंतच. आई किंवा वडील नागरिक असतील अथवा सोबतच अर्ज करत असतील, तर 18 वर्षांखालील मुलाला ही अट नाही. त्याच्याकडे कायमस्वरूपी निवासाचा परवाना मात्र हवा. म्हणून आजीजवळ सांगलीला शिकलेली मुलगीही पालकांबरोबर अर्ज करू शकते. कुटुंब एकत्र राहावे म्हणून ठेवलेली ही सवलत मला कायद्यातला सर्वांत माणुसकीचा भाग वाटते. 2017च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाला एकट्यानेही अर्ज करता येतो. तेव्हा मात्र 1,095 दिवस त्यालाही भरावे लागतात. वाचकांनी एक ध्यानात ठेवावे : भारताला दुहेरी नागरिकत्व मान्य नाही. पालकाने भारतीय नागरिकत्वाचा रीतसर त्याग केला की 1955च्या कायद्याच्या कलम 8नुसार अल्पवयीन अपत्याचेही ते संपते. सज्ञान झाल्यावर वर्षभरात घोषणापत्र देऊन त्याला ते परत घेता येते. – संपा.