रस्त्याच्या बळाची परीक्षा

नगर-मनमाड मार्गानें शिर्डीस जाणारा यात्रेकरू रस्ता पाहतो तो वरून. डांबर काळेंभोर व गुळगुळीत असलें कीं त्याचें समाधान होतें. परंतु रस्त्याचें बळ त्याच्या वर्णांत नाहीं. भार आला असतां तो किती दबतो व भार सरतांच किती उसळतो, यांत तें आहे.

आपल्याकडे रस्त्यांचा शास्त्रीय विचार रुजविण्यांत एका मराठी विधिज्ञाचा मोठा वांटा आहे. १९२७ सालीं बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली गेली. तिच्या शिफारशींतूनच १९३४ सालीं 'इंडियन रोड्स काँग्रेस' ही अभियंत्यांची संस्था जन्मास आली. १९४३ च्या नागपूर योजनेनें देशांत रस्ते किती असावेत हें ठरविलें. पण बांधलेला रस्ता न उकरतां त्याचें बळ झटपट सांगणारें साधें उपकरण तेव्हां नव्हतें.

तें पुढें दहा वर्षांनीं अमेरिकेंत बेंकलमन यांनीं सिद्ध केलें. मालमोटारीच्या मागील जोडचाकांच्या फटींत लांब दांडीचें टोंक ठेवावयाचें. मोटार हळूहळू पुढें सरकली कीं दबलेला रस्ता वर येतो व दुसऱ्या टोंकाची तबकडी ती उसळी दाखविते. १९८१ सालीं आपल्या रोड्स काँग्रेसनें या रीतीचे नियम छापले. मागील आंसावर ८,१७० किलो भार, आणि उन्हानें डांबर मऊ होतें म्हणून ३५ अंश उष्णतामानास धरून दुरुस्ती, असें त्यांत सांगितलें आहे. २०१४ च्या नियमांनीं वजन आदळून परीक्षा करणारें यंत्रहि आणलें. त्यायोगें प्रत्येक थराचा ताठपणा निराळा काढतां येतो.

तथापि यंत्राइतकाच ऋतूहि महत्त्वाचा. गोदाकांठची काळी माती उन्हाळ्यांत दगडासारखी कठीण होते व पावसानें फुगून मऊ पडते. म्हणून पावसाळा संपतांच मोजणी करावी, असा दंडक आहे. वैशाखांत घेतलेलें माप खोटें नसतें, पण तें रस्त्याची स्तुति करतें. त्या स्तुतीवर विसंबून नवा थर पातळ घातला जातो. आणि ऊंसाच्या गाड्या रस्त्यावर उतरतात त्या नेमक्या दिवाळीच्या सुमारास, जमिनींत ओल असतांना!

माणसाची परीक्षा संकटांत करावी, असें आपण म्हणतों. रस्त्यासहि तोच न्याय लावला पाहिजे. दुरुस्तीवर खर्च किती झाला हें विचारणाऱ्या नागरिकांनीं, मोजणी कोणत्या महिन्यांत झाली, हेंहि विचारावें, असें आम्हांस वाटतें.