दरबारी पोशाख आणि कुर्ल्याची गिरणी

‘एक नूर आदमी, दस नूर कपडा’ ही म्हण आपल्या घरांत लग्नकार्याच्या दिवशीं हटकून ऐकूं येते. पेटींतली पैठणी बाहेर निघते, नथीचे मोती पुसले जातात, आणि एरवीं कपड्यांविषयीं उदासीन असलेला गृहस्थही आरशापुढें दोन क्षण अधिक उभा राहतो. यांत गैर असें कांहींच नाहीं. समारंभास नीटनेटकें होऊन जाणें हा यजमानाचा मान राखण्याचाच एक प्रकार आहे. परंतु ज्या वस्त्रानें आपण तो मान राखतों, तें कोणी विणलें आणि कोठें विणलें, हा प्रश्न एके काळीं महाराष्ट्रांत फार जिव्हाळ्याचा झाला होता. आणि त्या प्रश्नाचा एक धागा मुंबईच्या उपनगरांत, कुर्ल्यास, येऊन पोंचतो. तोच येथें उलगडून पाहण्याचा आमचा विचार आहे.

तारीख १ जानेवारी १८७७. त्या दिवशीं दिल्लीस लॉर्ड लिटन यांनीं दरबार भरवून व्हिक्टोरिया राणीनें हिंदुस्थानची सम्राज्ञी हा किताब धारण केल्याचें जाहीर केलें. राजेरजवाडे जरीच्या पोशाखांत आणि जवाहिरांत झळकत होते. त्याच दरबारास पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या वतीनें गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच ‘सार्वजनिक काका’, गेले होते. त्यांच्या अंगावर हातानें कातलेल्या सुताचा पांढरा शुभ्र पोशाख होता. स्वदेशी कापडच वापरावयाचें हें व्रत त्यांनीं १८७२ सालींच घेतलें होतें. दरबारास जाण्याचें त्यांनीं टाळलें नाहीं, आणि दरबारासाठीं व्रतही मोडलें नाहीं. समारंभाचा मान आणि स्वतःचा मान हे दोन्ही एकाच वस्त्रानें राखतां येतात, हें त्यांनीं न बोलतां दाखविलें.

योगायोग असा, कीं त्याच दिवशीं नागपुरास जमशेटजी टाटा यांच्या ‘एम्प्रेस’ गिरणीचें उद्घाटन झालें. नांव राणीच्या नव्या किताबाचें, दिवसही तिच्याच गौरवाचा. पण ह्याच जमशेटजींनीं पुढें नऊ वर्षांनीं, १८८६ सालीं, कुर्ल्याची धरमसी गिरणी साडेबारा लाखांस विकत घेतली, तेव्हां तिचें नांव ठेविलें ‘स्वदेशी’. एम्प्रेसपासून स्वदेशीपर्यंतचें अंतर केवळ नागपूर ते कुर्ला एवढेंच नव्हतें. १८८० सालीं निवर्तलेल्या काकांना हें नांव पाहावयास मिळालें नाहीं. परंतु ज्यांनीं चरख्यासमवेत स्वदेशी मालाचीं दुकानेंही काढविलीं, त्यांना तें आवडलें असतें असें आम्हांस वाटतें.

गिरणी मात्र स्वस्त मिळाली ती फुकट नव्हे. यंत्रें झिजलेलीं होतीं, नफा दिसेना, भागांचे भाव घसरले. जमशेटजींनीं एम्प्रेसचे स्वतःचे भाग विकून पैसा घातला, नागपुराहून कसलेलीं माणसें आणविलीं, आणि गिरणी सावरली. त्यांचा डोळा तलम कापडावर होता. येथें सुताच्या ‘नंबरा’विषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. एक रतल सुतांतून ८४० वारांच्या जितक्या लडी निघतील, तितका त्या सुताचा नंबर. वीस नंबरी सूत म्हणजे रतलास १६,८०० वार. आपल्या आंखूड धाग्याच्या कापसास वीसपर्यंतचें सूत सोसतें. त्यापुढें लांब धाग्याचा कापूस लागतो. म्हणूनच जमशेटजींनीं मिसरी कापूस हिंदुस्थानांत पिकवावा असा आग्रह धरला आणि १८९६ सालीं त्याविषयीं एक टिपणही प्रसिद्ध केलें. समारंभास शोभेल असें तलम धोतर परदेशी असण्याचें कारण लोकांची हौस नव्हे, तर कापसाच्या तंतूची लांबी होती.

आणि नेमका ह्याच रेषेवर सरकारनें कर बसविला. १८९४ सालीं परदेशी कापडावर शेंकडा पांच जकात आली, तेव्हां लँकेशायरच्या समाधानासाठीं हिंदी गिरण्यांच्या वीस नंबरांवरील सुतावरही तितकाच कर लादला गेला. १८९६ सालीं तो बदलून गिरणींतील सर्वच कापडावर शेंकडा साडेतीन केला. म्हणजे तलम धोतरासमवेत गरिबाचें जाडेंभरडेंही त्यांत सांपडलें. जमशेटजींनीं ह्याविरुद्ध आंकड्यांनिशीं लेखणी झिजविली. तो कर सुटला १९२६ सालीं. तोंवर १९०५ सालची पुण्यांतील विलायती कपड्यांची होळीही होऊन गेली होती.

येथें एक आक्षेप मनांत येतो, आणि तो आमचा नव्हे, जोतीराव फुल्यांचा आहे. मार्च १८८८ मध्यें हरि रावजी चिपळूणकर यांनीं पुण्यास ड्यूक ऑफ कॅनॉट यांना मेजवानी दिली. दागिन्यांनीं मढलेल्या त्या मंडळींत जोतीराव गरीब शेतकऱ्याच्या वेषांत गेले, आणि खरी प्रजा ह्या झगमगाटांत नसून खेड्यांत आहे असें त्यांनीं राजपुत्रास ऐकविलें. काकांनीं वस्त्र कोठलें हें विचारलें. जोतीरावांनीं तें कोणास मिळतें हें विचारलें. कुर्ल्याच्या ज्या विणकराच्या मागावर तलम धोतर उतरे, त्याच्या अंगावर काय असे, हा प्रश्न त्यांनीं खचित केला असता. दोन्ही प्रश्नांवांचून स्वदेशीचा विचार अपुरा राहतो.

विसावें शतक सरतां सरतां कुर्ल्याची ही गिरणी बंद पडली. चुनाभट्टीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या नांवांत ‘स्वदेशी’ हा शब्द उरला आहे. भोंगा मात्र उरला नाहीं. आज लग्नास जातांना आपण इस्त्रीची घडी पाहतों, रंग पाहतों, किंमतही पाहतों. काकांनीं व जोतीरावांनीं विचारलेले दोन प्रश्न त्या आरशापुढें क्षणभर आठवले, तर पोशाख कांहीं कमी खुलणार नाहीं. उलट, नटण्यांतील सुखास थोडी प्रतिष्ठाच लाभेल.